यादीत नसलेला दिवा

श्रावणात आईचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. तिकडे पाटणला तिची धाकटी बहीण, माझी मावशी, अंथरुणाला खिळलेली. आष्ट्याहून पाटणला जायला अडीच तास लागतात. आई जाणार असेल तर झोपूनच जाणार, आणि झोपवून नेता येईल अशी गाडी आमच्या अंगणात उभी होती.

धाकट्या भावाने जपानमधली नोकरी सोडताना ती सोबत आणलेली. आत पलंग, ओटा, कपाटं. पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडे. सगळ्या बटणांवर जपानी अक्षरं. मी त्यांच्यावर आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या आणि वहीत यादी केली. विजेवर चालणाऱ्या एकतीस वस्तू भरल्या.

दिवाळीपर्यंत गाडी दोन दिवसांआड गावात फिरवत होतो. नंतर चार दिवस ती उभी होती, मग एका सकाळी आईला उचलून आत निजवलं. बाजूचं सरकतं दार मोटरवर बंद झालं. किल्ली फिरवली तर एकदाच टक् वाजलं आणि सगळं गप्प. आता दारही उघडेना. पुढच्या दाराने मी बाहेर पडू शकत होतो, पण दोन खुर्च्यांच्या फटीतून आईला काढणं शक्य नव्हतं. मागच्या बाजूला कपाट ठोकलेलं. दार हाताने सोडवायचा खटका कुठेतरी होता. भावाला फोटो पाठवून, त्याने अक्षरं वाचून तो सांगेपर्यंत पन्नास मिनिटं गेली.

आई छताकडे बघत पडली होती. “खोलीतनं काडलं आन् डब्यात घातलं. फरक काय पडला रं?”

मी ठरवलं, कारण सापडल्याशिवाय तिला पुन्हा आत ठेवायचं नाही. वाटेत कुठे असं झालं असतं तर?

पेठेतल्या बॅटरीवाल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी बसवली. चार दिवस गाडी हलवली नाही, पाचव्या दिवशी पुन्हा टक्. मग मी मीटर घेऊन बसलो. सगळं बंद, किल्ली खिशात, तरी बॅटरीतून ०.४२ ॲम्पिअर जात होते. दिवसाचे दहा ॲम्पिअर-तास, चार दिवसांचे चाळीस, आणि बॅटरी पन्नासची. हिशोब चोख जुळत होता. ते जातात कुठे एवढंच कळत नव्हतं.

एक फ्यूज काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. बावीस फ्यूज झाले. आकडा जागचा हलला नाही.

शेजारचे काका कुंपणाला टेकून विचारायचे, “आवं, गाडी आणली का खोली बांधली?”

“काका, तुमच्या ट्रॅक्टरला कळा येत न्हाईत का कवा?”

“येतात की. पर त्यो मराठीत कण्हतो.”

दहा दिवस असे गेले. पाटणहून मावसभावाचा रोज फोन. मावशी आता जेवत नव्हती. आक्का निघाली का, एवढं विचारायची. आई मला काही विचारत नसे. मी खोलीत आलो की माझ्या हाताकडे बघायची, मीटर आहे का किल्ली.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, मला वाटलं की एखादा आतला दिवा मिणमिणत असेल, उन्हात दिसत नसेल. आत शिरलो, दार लावलं, खिडक्यांचे जाड पडदे ओढले. घाम निथळत होता. डोळे सरावले तेव्हा पुढच्या कपाटाच्या झडपेच्या फटीत तांबूस उजेड दिसला.

झडप उघडली. आत गणपती, आणि त्याच्यापुढे लाल काचेचा छोटा बल्ब.

दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा आईच्या सांगण्यावरून तो बसवला होता. वायरमनने मला विचारलं होतं, “किल्लीवर घिऊ का थेट बॅटरीवर?” आणि मीच म्हणालो होतो, “थेट. देवाफुडचा दिवा इझायचा न्हाई.” दसऱ्याआधी हीच गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहून चालू होत होती, तेही वहीत होतं. या दहा दिवसांत यादी पडताळताना ती झडप मी दोनदा उघडली होती, दोन्ही वेळा हात जोडले होते. पण देव यादीत लिहायचा असतो हे सुचलं नाही.

फ्यूजना वळसा घालून बॅटरीवर गेलेली ती वायर काढली. मीटर ०.०२ वर आला. आईला जाऊन सांगितलं, बॅटरी देवापुढचा दिवा खात होता. दिवा आता किल्लीवर घ्यावा लागेल, गाडी बंद झाली की तोही विझेल, असं म्हणालो.

“म्हंजे तवापास्नं देवानंच आडवलंतं व्हय?”

“देवानं न्हाई. मी.”

ती म्हणाली, “चल. उद्याच.”

पाटणला मावशीच्या घरापुढे पायऱ्या होत्या. आईला उतरवणं धोक्याचं होतं. मावसभावांनी मावशीचा पलंग ओसरीवर आणला, मी गाडी ओसरीला लावून दार उघडलं. दोघींमध्ये चार-साडेचार फूट अंतर राहिलं. इंजिन मी बंद केलं नव्हतं. नवी बॅटरी, दुरुस्त वायर, सगळं तपासलेलं, तरी हात किल्लीकडे जाईना.

“उतर की गं आक्का.”

“उतरता येत न्हाई. तूच ये.”

“मला कुटं उटाय येतंय?”

मावशी आणखी काही बोलत होती. आईने कानामागे हात नेला, मग माझ्याकडे मान वळवली. “बंद कर रं त्ये. तिचा आवाज लय बारीक झालाय.”

मी किल्ली फिरवली. फटीतला लाल उजेड गेला. मावशी पहिल्यापासून सांगू लागली.