विमलाबाईने चाँग फन वाळत घातले

माझी मोठी बहीण विमलाबाई हिने आयुष्यात स्वतःची चूक कधी कबूल केलेली नाही. मुलाच्या, म्हणजे मुकेशच्या, साखरपुड्यात तिने शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तरी पाहुण्यांना म्हणाली, "आमच्या अल्लीपूरले असाच करतात." पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्ला.

गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे सिंदी मेघेला गेलो होतो. तिची नात मोहिनी चीनच्या कँटन भागातला चाँग फन नावाचा पदार्थ करत होती. तांदळाचं पातळ पीठ तेल लावलेल्या ताटलीत पसरून वाफवायचं, पापुद्रा सोडवायचा, आत पनीर भरून गुंडाळायचं, वरून सोया सॉस ओतायचा. तो विकायचं दुकान काढण्यासाठी तिला घराची पुढची खोली हवी होती. मुकेशने लेकीला अट घातली होती, "आधी घरी करून खाऊ घाल. जमलं त खोली तुही, नाही त भाडेकरू ठेवतो."

बरेच पापुद्रे फाटले. शेवटी परातभर नीट उतरले आणि पीठ संपलं. मोहिनी कांद्याची पात आणायला बाजारात गेली. दोन तासांनी परतली तर परात रिकामी.

"आजी, इथले कुठं गेले?"

"तुह्या पापड्या? गच्चीवर वाळू टाकल्या. तू त तशाच ठेवून गेलतीस!"

आम्ही वर धावलो. जुन्या लुगड्यावर सगळे पापुद्रे ओळीने पसरलेले, कडा वळलेल्या. मोहिनीने एक उचलला, तो कडकन मोडला. दुसरा उचलला, तोही मोडला. आमच्याकडे उन्हाळ्यात वाफवलेला तांदळाचा पापुद्रा दिसला की तो उन्हातच जातो. बाईच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात मुकेश वर आला.

"हे काय वं? पापड्या करून राह्यली होती काय? मोठी आली दुकानवाली!"

आता बाई म्हणणार, चीनमध्येही असंच वाळवतात. मी वाट पाहत होतो.

बाईने पदर सावरला. "तिचं बराबर होतं. माह्यं चुकलं."

मुकेशच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काय म्हणाली माय?"

"दुसऱ्यांदा नाई सांगत. खोली दे तिले."

मुकेशने खिशातून किल्ली काढली आणि मोहिनीच्या हातात ठेवली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, मायले ऊन त नाई ना लागलं?"