स्टिकरखालचा बुक्का

कुंभकोणममधल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानदाराने आपल्याच गिऱ्हाईक बाईची चांगली बॅटरी काढून घेतली, तिच्या गाडीत मेलेली बॅटरी बसवली, आणि वर ठाण्यात येऊन तिच्याच नावाने फसवणुकीची तक्रार दिली. कोणी कोणाला फसवलं ते आधीच सांगून टाकलं. नोकरीतल्या कित्येक खुनांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही लहानशी तक्रार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तिथे इन्स्पेक्टर होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. माझ्यासाठी कोणी शब्द टाकला नाही. आमचं घर मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बाजारात मी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करतो आणि त्याची मला लाज नाही. माणूस भाव कसा सोडतो यावरून त्याचा माल कळतो. पोलीस प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत.

सकाळची हजेरी संपवून मी खुर्चीत बसलो होतो, तेव्हा दुकानदार आला. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात जवळच्याच तिरुनागेश्वरम्‌च्या देवळातला प्रसाद. तक्रार द्यायला येणारा माणूस प्रसाद घेऊन आला की मी आधी प्रसाद बाजूला ठेवतो.

"सार, ही बाई चांगली बॅटरी बाहेर विकून आली. जुनी बॅटरी घातली आणि आता वॉरंटीत नवी मागते. रोज दुकानासमोर येऊन ओरडते. गिऱ्हाईक पळतं."

"विकली ते तुम्ही पाहिलं?"

"पाहायला कशाला पाहिजे? बॅटरीवर नंबराची चिठ्ठीच नाही. तिनेच फाडली. कंपनीचे साहेबही म्हणाले, हल्ली गिऱ्हाइकं असंच करतात."

त्या स्कूटरविषयी सांगायला हवं. स्वस्तातली, सावकाश चालणारी गाडी. तिला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. बॅटरी सीटखालून काढायची, घरात नेऊन चार्ज करायची. शिक्षिका, शिंपी, देवळातले आचारी, गावातल्या गावात हिंडणारी सगळी माणसं तीच घेत होती. बस नको, पेट्रोल नको. पण पोलिसाच्या नजरेने पाहिलं तर नंबर नसलेली गाडी आणि सहज निघणारी बॅटरी म्हणजे चोरीला दिलेलं आमंत्रण.

बाईला बोलावलं. ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. अंग पुसणं, जखमेची पट्टी बदलणं, औषध देणं. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारायला सुरुवात केली.

"बॅटरी कोणाला विकली?"

"विकली असती तर रोज त्याच्या दारात भांडायला गेले असते का, सार? चोर चोरीच्या जागी रोज जातो?"

"हुशार चोर जातो."

ती माझ्या छातीवरच्या नावाकडे पाहून एकदम आमच्या घरच्या मराठीत बोलली, "तुम्ही आमच्यांतलेच न? तरी असं बोलतां?"

"ठाण्यात मी कोणाच्यातलाच नाही," मी तमिळमध्येच म्हणालो.

मी तिच्यावर संशय घेतला होता आणि घेणं माझं कामच होतं. पण पुढे ती जे बोलली त्याने माझं लक्ष वेधलं. ती रडली नाही. म्हणाली, "ज्या घरांत मी जातें तिथे म्हातारी माणसं एकटी असतात. कपाटाची किल्ली उशीखाली असते. माझ्या नावाचा पोलिसांत कागद झाला, तर उद्या मज दार कोण उघडील?"

खोटं बोलणारा माणूस तुरुंगाला भितो, दंडाला भितो. ही बाई बंद दाराला भीत होती.

मी गाडीचा सगळा इतिहास विचारून घेतला. गाडी उत्तम चालत होती. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तिने रीतीप्रमाणे बॅटरी काढून देवासमोर ठेवली, गंध लावलं, फूल वाहिलं. त्यानंतर फुकटच्या सर्व्हिसिंगला गाडी दुकानात दिली. परत मिळाल्यापासून तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन येईपर्यंत गाडी मान टाकायची.

गुन्हा नोंदवायची मी घाई केली नाही. दुकानदाराला तक्रारीची पावती दिली आणि चौकशी चालू ठेवली. तो नाराज झाला. दोनदा फोन करून "एफआयआर कधी, सार?" म्हणून विचारलं. बॅटरी गेलेल्याला घाई नव्हती, वॉरंटी द्यायची नाही त्याला घाई होती. हे मी मनात ठेवलं.

खबर दिली ती दुकानासमोरच्या विड्याच्या पानवाल्याने. बंदोबस्ताहून परतताना मी त्याच्याकडे थांबलो होतो.

"अय्या, त्या दुकानात गाडी चालत जाते आणि ढकलत बाहेर येते," तो पानाला चुना लावत म्हणाला. आमच्याकडे साहेबाला अय्या म्हणतात.

"तुझं त्याच्याशी काय भांडण आहे?"

"त्याच्या स्कूटरी माझ्या पानाच्या गाडीसमोर लावतो."

"म्हणजे तू खोटं बोलत असशील."

"भांडण खरं आहे म्हणून ढकलणं खोटं होतं का, अय्या?"

मी पान घेतलं, पैसे दिले, आणि संध्याकाळी साध्या कपड्यांत दुकानात गेलो. दुकानदार मला ओळखत होताच; त्याला सांगितलं, आज ठाण्याचं काम नाही, घरच्या बाईसाठी गाडी बघायची आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. बायको बरेच दिवस मागे लागली होती.

गाडीच्या भावावर आम्ही चांगलेच भांडलो. मी निम्म्यावर गेलो, त्याने देवाची शपथ घेतली, मी उठून निघालो, त्याने हात धरून बसवलं. इथवर सगळं रीतसर होतं. मग मी म्हणालो, "जोडीला एक जास्तीची बॅटरी दे. एक चार्जिंगला, एक गाडीत." त्याने भाव सांगितला. मी अर्धा म्हणालो.

"घ्या, सार."

शपथ नाही, कपाळाला हात नाही. ज्या माणसाने गाडीच्या आरशासाठी माझ्याशी वाद घातला, त्याने गाडीतली सगळ्यात महाग वस्तू एका शब्दात अर्ध्या भावाने दिली. विकत घेतलेला माल कोणी असा सोडत नाही. माझं डोकं तापलं, पण आवाज चढू दिला नाही. "दाखव," म्हणालो.

मेकॅनिकने मागून बॅटरी आणली. झाकणाच्या मधोमध 'तपासणी झाली' असा गोल स्टिकर. दुकानात मांडलेल्या नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या मी आधीच उघडून पाहिल्या होत्या. त्यांच्यावर असा स्टिकर नव्हता. मी नखाने त्याची कड उचलली. मेकॅनिकचा चेहरा उतरला.

स्टिकरखाली विभूतीचे तीन पट्टे आणि त्यावर कुंकवाचा टिळा होता.

लगेच ठाण्याला फोन केला, पंच बोलावले आणि मागच्या खोलीची झडती घेतली. तशा स्टिकरच्या बॅटऱ्यांची तिथे रांग होती. आयुधपूजेला आमच्याकडे सुरी, विळा, शिलाईयंत्र, लॅपटॉप, सगळ्यांना गंधकुंकू लागतं. मग ज्या बॅटरीवर घर चालतं तिला का लागू नये? एकेक स्टिकर निघाला आणि एकेका घराची पूजा उघडी पडली. कुठे विभूती, कुठे चंदन, कुठे हळद. आणि एकीवर गोपीचंदनाची उभी रेघ, तिच्याखाली बुक्क्याचा काळा ठिपका.

त्या गावात बुक्का लावणारी घरं म्हणजे आमची, विठ्ठलाची. दुकानाच्या वहीत ज्यांच्या बॅटरीच्या तक्रारी होत्या त्यांत असं घर एकच होतं. बाईला बोलावून, ती बॅटरी इतर बॅटऱ्यांत मिसळून पंचांसमोर ओळख पटवली. तिने हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही माझी. ठिपका जरा डावीकडे गेला. देव्हाऱ्यात उजेड कमी होता."

मेकॅनिकला मी वेगळं बसवलं.

"चिठ्ठ्या फाडल्यास, नंबर खरवडलेस. मग हे का पुसलं नाहीस?"

"पूजेचं कुंकू ग्रीसच्या फडक्याने कसं पुसू, सार? घरात बायको पोटुशी आहे."

"चोरी करताना भीती नाही वाटली?"

"चोरी मालकाची, सार. पुसणं माझं झालं असतं."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. माणूस आपल्या पापाची वाटणी किती काटेकोर करतो ते त्या दिवशी पाहिलं.

दुकानदार मात्र फुटायला वेळ लागला. आधी मेकॅनिकवर ढकललं, मग छातीत कळ आली, मग वकील आला. पंचनाम्याचे कागद समोर ठेवले तेव्हा रडत म्हणाला, "सार, कंपनी वॉरंटीत ज्या बॅटऱ्या पाठवते त्याच मेलेल्या असतात, त्या मी कुठे खपवू? साहेब फोनवर म्हणाले, तक्रारी वर पाठवू नकोस, तिथेच मिटव. गिऱ्हाइकानेच बदलली म्हणून पोलिसांत दे, एक प्रकरण झालं की बाकीचे गप्प बसतात."

तो साहेब म्हणजे कंपनीचा या भागाचा विक्री अधिकारी. मी त्याला समन्स पाठवलं. त्याच्याऐवजी वकील आला. दुकानदार स्वतंत्र व्यापारी आहे, फोनवरच्या बोलण्याला पुरावा नाही, आमचा संबंध नाही. मी फार बोललो, टेबलावर हातही आपटला. उपयोग झाला नाही. वरून सूचना आली की पुरावा आहे तेवढ्यावर दोषारोपपत्र द्या. दुकानदार आणि मेकॅनिक आरोपी झाले, साहेबाचं नाव राहून गेलं.

बाईची बॅटरी मुद्देमाल म्हणून जमा होती. ती परत मिळावी म्हणून तिने कोर्टात अर्ज केला. कंपनीच्या त्याच वकिलाने हरकत घेतली: कंपनीचा तज्ज्ञ तपासेपर्यंत सोडू नये. संबंध नसलेल्या कंपनीला हरकत घेता आली, हे विशेष. तज्ज्ञ आलाच नाही. चार्जिंगशिवाय पडून पडून ती चांगली बॅटरीही मेली.

आणि एक दार बंद झालं ते झालंच. तिरुनागेश्वरम्‌ला एक अर्धांगाने पडलेली आजी होती, ती या बाईच्या हातूनच जेवायची. दुकानदाराने भररस्त्यात 'चोर' म्हटलेलं तिथपर्यंत पोचलं होतं. मी स्वतः त्या घरी गेलो, सुनेला सांगितलं की बाई निर्दोष आहे.

सून दारातूनच म्हणाली, "इन्स्पेक्टर घरी येऊन सांगतात, म्हणजे काहीतरी असणारच की, सार."

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं. निर्दोष ठरलेला माणूस आणि ज्याच्यावर कधी बोटच उचललं गेलं नाही तो माणूस, लोकांच्या लेखी एक नसतात. मधला फरक पोलीस भरून काढू शकत नाही, कोर्टही नाही. ज्याने बोट उचललं तोच काढू शकतो.

तो साहेब आज बढती घेऊन दुसरीकडे बसला आहे, असं ऐकतो. मला त्याची माफी नको, नुकसानभरपाईचा चेकही नको. त्याने तिरुनागेश्वरम्‌ला यावं. त्या दाराची कडी स्वतःच्या हाताने वाजवावी, आणि सून बाहेर आली की तिला सांगावं की चोरीची गोष्ट मी रचली होती. त्या बाईने काही केलं नव्हतं. आजी अजून आहे. साहेबा, केव्हा येतोस, ते सांग.