राणीला दूध आलं तेव्हा...

संकेत, चमत्कार वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. रक्ताचे नमुने तपासण्यात आयुष्य गेलंय माझं. तरीही हे लिहितेय... कारण तो नमुना मीच तपासलेला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कोपरीत राहायचे, ठाण्यातल्याच एका प्रयोगशाळेत नोकरी. मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणारं औषध माकडांना द्यायचं, त्यांचं वागणं बघायचं आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन – म्हणजे दूध आणणारं हार्मोन – मोजायचं, हे आमचं काम. औषधाने प्रोलॅक्टिन चढायचं, माकडं निवांत व्हायची, एकमेकांच्या उवा काढत बसायची.

तुलनेसाठी काहींना नुसतं सलाइन टोचायचो. राणी त्यातली. वयस्कर, कधी पिल्लू न झालेली आणि भयंकर तापट.

एका सकाळी शेजारच्या पिंजऱ्यातली लेकुरवाळी माकडीण मरून पडलेली. आदल्या दिवशी ठणठणीत होती! हृदयात जन्मापासून दोष होता, हे नंतर कळलं. पिल्लू ड्रॉपरने दूध घेईना, मलूल पडत चाललं. राणी जाळीतून त्याच्याकडे हात लांबवून कण्हत होती.

"मॅडम, राणीकडे देऊन बघूया?" मी आमच्या प्रमुखांना विचारलं.

"अगं, फाडून टाकेल ती त्याला!" मग पिल्लाकडे बघून म्हणाल्या, "नाहीतरी हातचं जातंच आहे. उघड दार."

राणीने त्याला अलगद उचललं, छातीशी धरलं... ते चोखायला लागलं. पिंजरे सांभाळणारे काशिनाथमामा ओरडलेच, "बाय, दूध हाय गो हिला!"

पिल्लाचे ओठ पांढरे झालेले.

पुढे साठवलेले नमुने तपासले. आदल्या सकाळच्या, म्हणजे पिल्लाची आई जिवंत असतानाच्या रक्तात राणीचं प्रोलॅक्टिन औषधवाल्यांपेक्षाही वर! त्याआधीचे तिचे सगळे नमुने साधे. मी पुन्हा तपासलं. तेच.

"चुकून औषध तर नाही ना टोचलं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. त्याच बाटलीतलं सलाइन बाकीच्यांनाही दिलंय. त्यांचं काहीच वाढलं नाही."

"आणि टोचलं असतं, तरी एका सुईने दूध थोडंच येतं..." त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

पिल्लू जगलं, चांगलं गुबगुबीत झालं. राणी मात्र औषधवाल्यांसारखी निवांत झाली नाही. कुणी जवळ गेलं की दात विचकायची. काय रुबाब होता तिचा! मला अजून तिचं कौतुक वाटतं.

शोधनिबंधात मॅडमनी तिचे आकडे लपवले नाहीत. खाली एवढंच लिहिलं – कारण समजलेलं नाही. इतकी वर्षं झाली, त्यापुढे मलाही काही सांगता येत नाही.