औषधाला सावली लागते

नागपूरच्या सुतारांनो, गवंड्यांनो, विणकरांनो आणि अंतर्गत सजावटीच्या व्यवसायातल्या मित्रांनो, तुमची एक तक्रार मला आता तोंडपाठ झाली आहे. काम आपल्या हातचे, नाव मात्र बाहेरच्याचे. लाकूड आपण तासायचे, चुना आपण मळायचा, आणि उद्‌घाटनाच्या पत्रिकेवर मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कुणाचे तरी नाव छापून यायचे. तक्रार खरी आहे. मीही अनेक व्यासपीठांवरून ती तावातावाने मांडली आहे. पण श्रीमती शालिनीताई पौनीकर यांच्या साठाव्या वर्षी निघणाऱ्या या गौरवग्रंथात ती पुन्हा मांडताना माझा आवाज थोडा खाली येतो. याच तक्रारीची दुसरी बाजू ताईंनी मला एका भिंतीवर दाखवली आहे.

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीने. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि सभांमधून बोलत असे. एका सभेत मी विदर्भातल्या वनौषधींच्या ज्ञानावर तासभर बोललो. आपण ते कसे विसरलो, का विसरलो, कुणी विसरायला लावले, सगळे सांगितले. टाळ्या झाल्या. सभा संपल्यावर सुती साडीतल्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी हातरुमाल उलगडून तीन पाने माझ्यासमोर धरली.

"सर, यातली निरगुडी कोणती?"

मी आत्मविश्वासाने एका पानावर बोट ठेवले.

"हा अडुळसा," त्या म्हणाल्या. "पण भाषण छान झालं."

आठवड्याने त्यांचा फोन आला. सावनेर रस्त्यावर बारा खोल्यांचे एक छोटे हॉटेल उभे राहत होते. तिथे येणाऱ्यांना तेलमालिश, शेक, औषधी स्नान मिळणार होते. आतल्या सजावटीचे काम ताईंकडे होते आणि भिंतीवरचा मजकूर लिहायला त्यांना माणूस हवा होता. मी म्हणालो, "मला तर झाडं ओळखता येत नाहीत." त्यावर उत्तर आले, "म्हणूनच. येणारे पाहुणेही तुमच्यासारखेच असतील."

शालिनीताईंचा जन्म उमरेडच्या विणकर घरातला. वडिलांच्या मागाचा आवाज ऐकत त्या मोठ्या झाल्या, पुढे नागपुरात कला शाखेचे शिक्षण घेतले आणि दुकाने, दवाखाने, घरे सजवत गेल्या. उंची सामानाच्या जोरावर खोली मोठी दाखवण्याची युक्ती त्यांनी कधी वापरली नाही. खोलीत राहणारा माणूस काय करतो, हे त्या आधी विचारत. या हॉटेलचे कामही त्यांना अशाच एका प्रश्नामुळे मिळाले होते. मालक विनोदबाबूंच्या टेबलावर मुंबईच्या एका डेकोरेटरचा तयार आराखडा पडलेला होता. त्यात दगडी मूर्ती होती, बांबूचे कारंजे होते, बाहेरून आणलेली सुगंधी तेले होती. ताईंनी तो शांतपणे चाळला आणि विचारले, "भाऊ, तुमच्या घरी बाळंतिणीला कशाने न्हाऊ घालत?"

विनोदबाबू गोंधळले. मग म्हणाले, "निरगुडीचं पाणी. आई अजून बी सांगते. पूरा घर महकत होतं."

"मग हे कारंजं कोणासाठी?"

काम ताईंना मिळाले. मुंबईचा आराखडा मात्र टेबलावरून हलला नाही, हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावे.

अशा घरगुती औषधांचा शोध घेता घेता ताई भिवापूरजवळच्या एका खेड्यात गोदाबाईंकडे पोचल्या. गोदाबाईंचे घर शेतकऱ्याचे, शेतात मिरची. पण पंचक्रोशीतली माणसे दुखणेखुपणे घेऊन त्यांच्याच ओट्यावर येत. ताई तिथे कितीतरी दिवस जाऊन बसल्या. त्यांनी घराची मापे घेतली, मातीचे रंग टिपले, पाटा, खल, सुपे, सगळ्यांची चित्रे काढली. मीही दोनदा सोबत गेलो होतो. मधल्या खोलीत औषधांच्या पुरचुंड्या आढ्याला टांगलेल्या असत. त्या खोलीला खिडकी नव्हती. ताईंच्या वहीत त्या पानावर त्यांच्या नेटक्या अक्षरात दोन शब्द लिहिलेले आहेत: 'प्रकाश अपुरा.'

हॉटेलच्या दर्शनी दालनात त्यांनी ही उणीव भरून काढली. पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची केली. तिच्यापुढे सागवानी फळ्यांवर काचेच्या बरण्यांत हिरडा, बेहडा, शतावरी, गुळवेल. दुपार कलली की ऊन त्या बरण्यांतून आत यायचे आणि फरशीवर सोनेरी, हिरवे कवडसे पडायचे. विनोदबाबू रोज ओळखीच्यांना आणून ते दाखवू लागले. मीही त्या कवडशांवर एक पानभर मजकूर लिहिला. आज तो वाचवत नाही.

उद्‌घाटनाला महिनाभर असताना ताईंनी गोदाबाईंना गाडी पाठवून बोलावून घेतले. गोदाबाई दारातच थांबल्या. बराच वेळ काचेकडे पाहत राहिल्या.

"लय साजरं केलं वं बाई," त्या म्हणाल्या. "पण याले मारून काहून राहिली?"

"कोणाला, मावशी?"

"औषधाले. ऊन लागलं का त्याचा जीव जाते. सावलीत वाळवा लागते, अंधारात ठेवा लागते. तू तं त्याले खिडकीत बसवलं, नवरीवाणी!" आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "माह्या घरी पाहिलं नाही का? मधल्या खोलीले खिडकी काहून नाही?"

ताईंनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडले आणि स्वतःच्या अक्षराकडे पाहत राहिल्या. जी खोली कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक अंधारी राखली होती, तिला त्यांनी गरिबी समजले होते. शिकलेल्या माणसाची ही खास चूक आहे. दुसऱ्याच्या घरात आपल्याला न कळलेली गोष्ट दिसली की आपण तिला उणीव म्हणतो. मी स्वतः ती आयुष्यभर व्याख्यानांतून करत आलो.

सुतारकामाचे प्रमुख रामदास मिस्त्री बाजूलाच उभे होते. त्यांनी व्यवहारी तोड काढली. "मॅडम, असली माल आत ठेवा. बरण्यांत कोणताही सुका पालापाचोळा भरून टाका नं. कोणाले समजते?"

"गोदामावशींना समजतं," ताई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या विनोदबाबूंच्या खोलीत गेल्या. मला सोबत घेतले ते साक्षीदार म्हणून असावे. त्यांनी सांगितले की भिंत चुकली आहे, चूक पूर्णपणे त्यांची स्वतःची आहे आणि काच काढावी लागेल. विनोदबाबूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा टेबलावरच्या त्या आराखड्याकडे.

"मॅडम, गलती तुमची आहे हे तुम्हीच सांगून राहिल्या?"

"हो."

"कोणाच्या लक्षात बी नसतं आलं."

"माझ्या आलंय."

"दोन दिवस द्या. सोचतो."

ते दोन दिवस मला चांगले आठवतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी आल्या. चहा घेतला. मी म्हणालो, काम गेले तर दुसरे मिळेल. त्या म्हणाल्या, "माझं मिळेल, सर. पण उमरेडला आठ मागांवर या हॉटेलचं कापड चढलंय. पडद्यांचं, चादरींचं. मुंबईवाला आला तर ते कापड कोण घेईल? चूक माझी आणि माग त्यांचे बंद पडणार." एवढेच बोलून त्यांनी कप विसळून ठेवला आणि निघाल्या. भिंत तशीच राहू द्यावी, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी म्हणालो होतो, हे इथे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी विनोदबाबूंनी स्वतः फोन केला. त्यांनी ही हकिगत आईला सांगितली होती. आईने विचारले, ती बाई चूक कबूल करते, तर तू तिला काढणार कशासाठी? अट एकच होती, उद्‌घाटनाची तारीख बदलणार नाही.

काच निघाली. तिथे विटांची भिंत उभी राहिली आणि हिरड्याचे पाणी व गूळ घालून मळलेल्या चुन्याचा गिलावा झाला. ज्या फळ्या रामदास मिस्त्रींनी बनवल्या होत्या, त्यांचे त्यांनीच चिरून दांडे केले. सुरुवातीला ते पुटपुटत होते, "आता आपलंच पोरगं आपणच कापा लागते." नंतर दांड्यांच्या टोकांना त्यांनी न सांगता गोलाई दिली. उमरेडहून आलेल्या जाड सुती कापडाच्या पुरचुंड्या त्या दांड्यांना टांगल्या गेल्या. आज नागपूरच्या उन्हातून कुणी त्या दालनात शिरले की क्षणभर डोळ्यांना काही दिसत नाही. आधी वास येतो, मग गारवा, आणि मग हळूहळू खोली दिसू लागते. मी बऱ्याच भव्य वास्तू पाहिल्या आहेत. माणसाला शांत बसवणारी याच्याइतकी साधी खोली पाहिल्याचे आठवत नाही.

उरला माझा मजकूर. मी नव्याने लिहिला, ऋषी, अरण्ये, परंपरा सगळे घालून. ताईंनी वाचला आणि विचारले, "सर, यात गोदामावशी कुठे आहेत?" मग स्वतः पेन घेऊन चार ओळी लिहिल्या. त्या आज दाराशी पितळी पाटीवर आहेत:

'या दालनाची पश्चिमेची भिंत आधी काचेची होती. औषधाला सावली लागते, हे भिवापूरकडच्या गोदाबाईंनी सांगितले. म्हणून भिंत बदलली. आधीची चूक शालिनी पौनीकर यांची.'

खाली रामदास मिस्त्री, गवंडी आणि आठही विणकरांची नावे.

विनोदबाबू कळवळून म्हणाले, "मॅडम, लॉबीत आपली गलती कोण टांगते?"

"भाऊ, ही पाटी वाचणारा तुमच्या तेलावर विश्वास ठेवेल."

उद्‌घाटनाच्या दिवशी गोदाबाईंनी ती पाटी माझ्याकडून वाचून घेतली. दोनदा. नंतर नावावरून बोट फिरवले. "हे पुसता नाही येत नं?" मी म्हणालो, नाही. "मंग ठीक हाये," म्हणत त्या आत गेल्या आणि पुरचुंड्यांच्या गाठी तपासू लागल्या. दोन गाठी त्यांनी सोडून पुन्हा बांधल्या.

ताईंमध्ये दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. साइटवर असताना त्या फोन उचलत नाहीत. एकदा नाही म्हटले की समजूत घालता येत नाही, आणि त्यामुळे काही चांगली माणसे त्यांना सोडून गेली. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या घशाचा आजार बळावला आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली, तेव्हा भेटायला येणारे बहुतेक लोक मला प्रश्न विचारून पेचात टाकत. ताई दर शनिवारी येत आणि मान हलवून उत्तर देता येईल एवढेच विचारत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, आज पहिल्यांदा माझं बोलणं पूर्ण होणार." जाताना ज्येष्ठमधाची पुरचुंडी ठेवून गेल्या. ती कपाटात ठेवा, खिडकीत नको, हे सांगायला विसरल्या नाहीत.

मित्रांनो, आपले नाव बाहेरचे लोक खातात, हे खरे. पण आपण कुणाकुणाची नावे खाल्ली, याची यादी कुणी केली आहे का? गोदाबाईंना पाटीवर आणण्यासाठी शालिनीताईंनी आपली चूक पाटीवर आणली. मला वाटते, त्यांच्या सगळ्या कामात हे काम सर्वांत अवघड होते.

शालिनीताईंचे पुढचे आयुष्य दीर्घ असो, निरोगी असो. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत आणि त्यांच्या वहीत अजून पुष्कळ पाने भरायची उरलेली असोत. आपण त्यांना शाल देऊच. पण त्यांना खरा आनंद द्यायचा असेल तर एक गोष्ट करा. तुमच्या हातून पूर्ण होणाऱ्या पुढच्या कामाच्या दाराशी एक पाटी लावा, आणि तिच्यावर सर्वांत आधी त्या माणसाचे नाव लिहा, ज्याने तुमची चूक तुम्हाला दाखवली.