शाळेत बसवलेल्या मेंढ्या

सकाळी शाळेचं गेट ढकललं तर ते उघडेना. आतून रेटा होता. खांदा लावून जोर केला, तशी फटीतून एका मेंढीनं तोंड बाहेर काढलं आणि माझ्या पिशवीतली कोथिंबीर ओढली.

"बाई! ह्ये काय हाय?" मी बाहेरूनच ओरडले.

वर्षाबाई व्हरांड्यात ओढणी कमरेला खोचून उभ्या होत्या. "मावशी, मेंढ्या बसवल्यात. पण जरा जास्त आल्या."

जरा नव्हे. मैदान दिसतच नव्हतं.

मी या शाळेत पोषण आहार शिजवते. पोषण आहार म्हणजे पोरांचं शाळेतलं जेवण. खिचडी, आमटी, उसळ. डिंगोरे गावाच्या बाजूची वाडी, चौथीपर्यंत शाळा, शिकवणारी माणसं दोन. एक मोठे सर आणि दुसऱ्या या वर्षाबाई.

आता शनिवारी पोरं दप्तर आणत नाहीत. त्या दिवशी हातानं काहीतरी करून शिकायचं असतं. मी चौथी शिकले, आमच्या वेळी शनिवारी शाळा सारवायची आणि घरी जायचं. वर्षाबाईंनी मात्र शनिवार फार मनावर घेतला. एका शनिवारी वाडीचा नकाशा, एका शनिवारी सावल्या मोजणं. काहीही असलं तरी पातेली माझी जायची आणि घासायलाही मलाच लागायची. म्हणून मला त्या शनिवारचं काही कौतुक नव्हतं.

सरांनाही नव्हतं. आदल्या शनिवारी पाणी मोजता मोजता पोरांनी प्यायच्या पाण्याची टाकी रिकामी केली. तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, अजून एक घोळ झाला की शनिवार बंद. पाढे आणि शुद्धलेखन." पोरांची तोंडं उतरली. आणि आज नेमके केंद्रप्रमुख येणार होते. आजूबाजूच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख.

मेंढ्या का बसवल्या ते सांगते. आमच्याकडं रान मोकळं झालं की मेंढपाळाला बोलावतात. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, लेंड्या टाकतात, त्याचं खत होतं. बदल्यात मेंढपाळाला जेवण आणि धान्य द्यायचं. शाळेची परसबाग रिकामी होती, त्यात मेथी पेरायची होती. शनिवारचा धडा होता खत. पोरांनीच सुचवलं की मेंढ्या बसवू. सरांनीही हो म्हटलं. त्यांना वाटलं, चार मेंढ्या येतील.

पण आमच्याकडं प्रत्येक घराचा मेंढपाळ ठरलेला असतो. दुसऱ्याचा चालत नाही. तिसरीतल्या सईनं त्यांच्या घरच्या मेंढपाळाला, भिवातात्याला सांगितलं. ओमला ते पटलं नाही. त्यानं आपल्या घरच्या सोपानला सांगितलं. दोघंही शुक्रवारी संध्याकाळी आपापला कळप घेऊन हजर. दोघंही म्हणाले, मला पोरांनी बोलावलंय. अंधार पडत आलेला, वाडीवर बिबट्याची बोंब. कोण कुणाला परत पाठवणार? एकानं परसबागेत वाघर लावली, म्हणजे जाळ्याचं कुंपण. दुसऱ्यानं मैदानात लावली. तिथपर्यंत ठीक होतं. सकाळी पहिलीतल्या पोरांनी कोकरं बघायला दोन्ही वाघरी वर उचलल्या.

"माझ्या काळ्या तुझ्यात घुसल्यात," भिवातात्या म्हणाला.

"तुझ्या कशाला ठिवू मी? माझ्या काय कमी हायती?"

"रंग बघ की पाठीवरला!"

"कुठला रंग? पावसानं धुतला समदा."

तेवढ्यात सर आले. गेटातून येता येईना, म्हणून मागच्या भिंतीवरून उतरले. ऑफिसच्या दारात एक मेंढी निवांत रवंथ करत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं.

"बाई, परसबागेत बसवायच्या होत्या ना? ही तर माझ्या खुर्चीची वाट बघतीय."

"सर, तासाभरात मोकळं करते."

"करा. आणि पुढच्या शनिवारपासून पाढे."

ओम रडायला लागला. सई त्याला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं रं शहाणपणा करायला?" मग तीही रडायला लागली. मी म्हटलं, "रडून मेंढी जागची हलत न्हाई. डोळं पुसा."

बाईंनी दोघा मेंढपाळांना विचारलं, कसं वेगळं करायचं? तात्या म्हणाला, "आमची हाक जनावराला कळती. पण ह्या कालव्यात ऐकू कशी जायची?"

बाईंनी सगळी पोरं व्हरांड्यात बसवली आणि तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. एवढी शांत शाळा मी कधी पाहिली नव्हती. तात्या गेटाशी उभा राहिला, सोपान झेंड्याच्या खांबाशी. तात्यानं जिभेनं टकटक करून लांब हाक दिली. सोपाननं शीळ घातली. केसांचा भांग पडावा तसं मैदान दोन्हीकडं झालं. पोरांनी इतका वेळ दाबलेला आवाज एकदम सोडला, तशा मेंढ्या परत बुजल्या. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

कोकरं तेवढी मधे राहिली. त्यांना हाक कळत नाही, आई कळते. मग बाईंनी पोरांना काम दिलं. एकेक कोकरू उचलायचं, मेंढीजवळ न्यायचं. आपलं असेल तर ती हुंगून दूध देते, नसेल तर ढुशी देते. पोरं ढुशा खात हसत होती. "बाई, हिनं पाजलं!" "बाई, मला पाडलं!" पहिलीतली पोरंसुद्धा कोकरू कसं धरायचं ते एकमेकांना सांगत होती. मी चूल पेटवायची विसरून बघत उभी राहिले.

साहेब आले तेव्हा गेट तात्याच्या कळपानं अडलेलं. मोटरसायकल बाहेर ठेवून ते कसेबसे आत आले. सरांना घाम फुटला.

"काय चाललंय हे?"

सई म्हणाली, "साहेब, आया शोधतोय. ह्ये धरा, ह्याची आई तिकडं गेलीय." आणि कोकरू त्यांच्या हातात देऊन गेलीसुद्धा. साहेब धरून उभे राहिले. कोकरानं त्यांचा शर्ट ओला केला. सरांनी डोळे मिटले.

साहेबांनी शर्टाकडं पाहिलं आणि विचारलं, "कळप कुणाचा?"

"माझा," तात्या म्हणाला.

"आळेफाट्याजवळ आमचं कांद्याचं रान आहे. बसवाल का?"

सोपान खांबापासून धावत आला. "साहेब, माझा कळप मोठा हाय. मी बी येतो."

"तुम्हीही या की!"

"साहेब, एकालाच सांगा!" मैदानातून सगळी शाळा ओरडली.

साहेब पोट धरून हसले. हसता हसता म्हणाले, "सर, पुढच्या शनिवारी काय ठेवलंय?"

सरांनी बाईंकडं बघितलं. "बाई सांगतील," म्हणाले.

बाईंनी लगेच सांगितलं, "माती." सांगताना माझ्या पातेल्यांकडं बघत होत्या.

मेंढपाळांच्या जेवणाचं राहिलं. शाळेचा तांदूळ बाहेरच्या माणसाला देता येत नाही. पण पोरांनी घरून भाकरी आणल्या होत्या. प्रत्येकानं दुसऱ्यापेक्षा जास्त. मी घरचं बेसन आणून पिठलं केलं. साहेब ओल्या शर्टानं पंगतीत बसले आणि ठेचा मागून घेतला. मैदानातल्या लेंड्या पोरांनी डब्यांत भरून परसबागेत नेल्या, मला झाडू हातात घ्यावा लागला नाही.

त्या थंडीत मेथी अशी आली की खुडून संपेना. आठवडाभर खिचडीत मेथी, आमटीत मेथी. निवडायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. एक शनिवार मी केलं. दुसऱ्या शनिवारी जुड्या उचलून बाईंच्या वर्गात नेऊन ठेवल्या आणि म्हटलं, हाही धडा घ्या.

घेतला त्यांनी. देठ फार ठेवतात पोरं, पण चालतं.