सीटची करकर
सायकलच्या ग्रीसचा वास आला की मला अकोल्यातलं काकूचं अंगण आठवतं. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायचे. माझी सायकल प्रत्येक पायडलला करकरायची आणि गल्ली वळून बघायची. कुणी नुसतं बघितलं तरी माझे कान तापायचे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने मला उभं राहून पायडल मारायला सांगितलं. आवाज थांबला, म्हणजे दोष सीटचा होता. त्याने नट आवळला, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. हा मुद्दामच नट ढिला ठेवतो, असं मला वाटू लागलं. "मी तं कचकून आवयला होता. घरी कोनी सीट खालीवर करून राहिलं का?" तो म्हणाला. मला पटलं नाही, तरी मी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ नळीत गेलेली, म्हणजे कुणीतरी सीट खाली केली होती! मग मी घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघू लागले, अगदी काकाकडेसुद्धा. एका दुपारी झोपेचं सोंग घेतलं आणि अंगणातून करकर ऐकू आल्यावर मागच्या दारातून डोकावले. पदर खोचून काकू सायकलवर बसली होती, एक पाय जमिनीवर टेकवून. "पाह्यतं काय नुसती? मांगून धर!" ती खेकसली. "अन् तुह्या काकाले सांगू नको." मी धरलं. त्यानंतर मी तो नट कधी घट्ट आवळू दिला नाही. गल्ली बघायची, बघू दिलं. आता काकू स्वतःच्या सायकलवर बाजारातून येते. मी अकोल्याला गेले की गेटपाशी कान देऊन उभी राहते, पण तिची सायकल अजिबात वाजत नाही.