आधी पाहुण्यांचा सत्कार

मी बी.पी.एड.ला, म्हणजे खेळाचा मास्तर व्हायला गेलो तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा बूट आले. त्याआधी चार माणसांत मिळून चपलेचा एक जोड होता आणि तो मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहणाऱ्या वडिलांच्या पायात असायचा. बूट फुटबॉलचे होते. त्यांना खाली खुंट्यांसारखे स्टड असतात. मी ते घालून ऐटीत घरभर फिरलो आणि आईनं सकाळीच सारवलेल्या जमिनीला भोकंच भोकं पडली. वडिलांनी खाली बसून एका भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं शिकून हेच शिकलास व्हय?"

 याचं उत्तर मला पुढं कामावर सापडलं, त्याची ही हकीकत.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. नवा जिल्हा झाला की आधी पाट्या येतात, मग साहेब, मग खुर्च्या, आणि सगळ्यांत शेवटी जागा शोधतात. जागा शोधणाऱ्यांची नजर आमच्या क्लबच्या मैदानावर पडली. मोजणीवाले साखळी घेऊन येत, पेनल्टी एरियात उभं राहून पान खात आणि आकडे लिहून जात. मी त्या क्लबचा कोच होतो आणि मॅनेजरही मीच. कमिटीत अकरा माणसं होती. संघात धडधाकट नऊ.

अध्यक्ष गुरुलिंगअप्पा. मोंढ्यात त्यांची अडत, आणि माझे वडील त्यांच्याच दुकानी पोती उचलायचे. त्यामुळं मला 'सर' म्हणताना अप्पा दर वेळी जरा घुटमळत. माणूस मोठ्या मनाचा. फुटबॉलमधलं त्यांना फक्त नाणेफेक कळायची.

एक दिवस ते कचेरीतून आले ते चेहरा पाडूनच.

"साहेब म्हणाले, लीगमध्ये संघ हाय तवर ते मैदान. संघ न्हाई तर मोकळा प्लॉट."

आमची लीग आठ संघांची, नांदेडपासून निलंग्यापर्यंतची. जो शेवटचा येईल तो लीगच्या बाहेर. याला रेलिगेशन म्हणतात. हा शब्द मी अप्पांना समजावून सांगितला.

"म्हंजे नापास," अप्पा म्हणाले.

"नापास झालेल्याला शाळेत ठेवतात, अप्पा. इथं शाळाच जाते."

आम्ही तेव्हा आठव्या नंबरावर होतो.

मी संघ नव्यानं बांधायला घेतला. साल दुष्काळाचं. काळ्या मातीच्या मैदानाला अशा भेगा पडलेल्या की दोघांचे घोटे त्यांत अडकून मुरगळले. आम्ही राख आणून भेगा बुजवायचो. प्रॅक्टिसच्या ऐन मध्यात टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा संघ घागरी घेऊन पळायचा. त्या पळण्यात जो वेग होता तो मला मॅचमध्ये कधी दिसला नव्हता. मी रागावणं सोडलं आणि टँकरजवळ जाऊन उभा राहिलो. नंबर रोज अजीजचाच पहिला लागे. हा सायकल दुकानातला कारागीर, आमचा बॅक, म्हणजे मागं राहून गोल वाचवणारा. मी त्याला पुढं काढला आणि फॉरवर्ड केला. प्रॅक्टिसची वेळही बदलली. आधी पाणी, मग पास.

अजीज गोल करायला लागला. भोकरला जिंकलो, अर्धापूरला बरोबरी केली. घरी मात्र हरतच होतो. जगात सगळे संघ घरी जिंकतात आणि बाहेर हरतात. आमचं उलटं. मी वहीत लिहिलेलं परत परत वाचलं. घरच्या मॅचमध्ये आमच्यावर गोल व्हायचे ते सगळे दुसऱ्या हाफमध्ये.

अजीजला विचारलं, "पाय चालत न्हाईत का?"

"पाय चालतेत, सर. डोकं फिरून राहिलं. मॅच सुरू व्हायच्या आधीच मी थकलेला असतो."

"आधी काय करतोस?"

"सत्कार घेतो की."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरच्या प्रत्येक मॅचआधी आमच्या संघाचा सत्कार व्हायचा. खेळाडू उन्हात ओळीनं उभे. अकरा पदाधिकारी एकेक करून हार घालत. मग अध्यक्षांचं भाषण, उपाध्यक्षांचं भाषण, आभार, आणि आभारात ज्यांचं नाव राहिलं त्यांची समजूत. पाऊण तास सहज जायचा. पाहुणा संघ तोवर मांडवाच्या सावलीत पाय पसरून बसलेला.

मी अप्पांकडं गेलो. शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती, नांदेडच्या संघाशी. जिंकलो तर सातवे, नाहीतर मोकळा प्लॉट.

"अप्पा, या वेळी सत्कार नको."

अप्पांनी तराजू खाली ठेवला. "सर, सत्कार बंद केला तर कमिटीत राहील कोण? उपाध्यक्षाला गोल कुठल्या बाजूला करायचा ते ठावं न्हाई. तो हार घालायलाच येतो."

खरं होतं ते. सत्कार बंद करणं म्हणजे क्लब बंद करणं. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथंच तोंडातून निघालं.

"मग पाहुण्यांचा करा की. नांदेडहून इतक्या लांब येणार ती माणसं. आधी त्यांचा मान."

अप्पांचा चेहरा खुलला. इतके दिवस पाहुण्यांना नुसतं बसवून ठेवलं याची त्यांना मनापासून लाज वाटली. मी फक्त एवढीच काळजी घेतली की ती लाज कमी होऊ नये.

मॅचच्या दिवशी नांदेडचा संघ उतरला तो थेट अप्पांच्या घरी जेवायला. गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार. हुग्गी म्हणजे गूळ घालून शिजवलेली दाट खीर. दोन वाट्या खाल्ल्या की माणसाला टेकायला भिंत लागते. अप्पांनी चार चार वाढल्या. नको म्हणणाऱ्याला आपल्या आईची शपथ घातली. पाण्याला नाही म्हटलं नाही. दुष्काळ असला तरी पाहुण्याला दोन तांबे.

मग मैदान. पंधरा खेळाडू, एक मॅनेजर, सगळे ओळीनं उन्हात. प्रत्येकाला नारळ, हार आणि शाल. लोकरीची. चार भाषणं ठेवलेली. उपाध्यक्षांनी लातूर आणि नांदेडचं नातं पार निजामाच्या काळापासून सुरू केलं. नांदेडचे मॅनेजर मुरलेले गृहस्थ होते. शालीच्या आतून घाम पुसत माझ्याजवळ आले.

"कोच साहेब, अजून किती?"

"दोनच. मग आभार."

"तुमची पोरं दिसत न्हाईत?"

"मांडवात बसलीत. त्यांना कोण विचारतं, साहेब. घरचीच हायेत."

त्यांनी मांडवाकडं बघितलं. समजले असावेत. पण सत्काराला हरकत घ्यायची कशी, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या हाफमध्ये त्यांनी जिद्दीनं आम्हाला रोखलं. दुसऱ्या हाफमध्ये हुग्गी पायांत उतरली. शेवटची दहा मिनिटं उरली असताना बॉल मोकळा सुटला, अजीज टँकरचा हॉर्न ऐकल्यासारखा पळाला आणि गोल झाला.

इथवर सगळं माझ्या हिशेबानं चाललं होतं. अप्पा माझ्या हिशेबात नव्हते. ते उठले, हार घेतला आणि डोळे पुसत थेट मैदानात शिरले. अजीजच्या गळ्यात हार घालायला. मागून उपाध्यक्ष नारळ घेऊन.

रेफ्रीनं शिट्टी मारली. परभणीचे मास्तर होते, कडक. "बाहेरचा माणूस मैदानात कसा आला? मॅच रद्द करीन."

"बाहेरचा?" अप्पा म्हणाले. "अहो, मी अध्यक्ष हाय."

मॅच रद्द म्हणजे आम्ही आठवे. मी धावत गेलो. धापा टाकत म्हणालो, "सर, चूक माझी. सत्काराच्या यादीत तुमचंच नाव राहिलं होतं. अप्पा त्यासाठी आलेत."

अप्पांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं. त्यांना फुटबॉल कळत नव्हता, पण बाजार कळत होता. तो हार रेफ्रीच्या गळ्यात पडला. उपाध्यक्षांनी नारळ पुढं केला.

रेफ्रींनी हार हातानं चाचपला. म्हणाले, "इतकी वर्षं शिट्टी मारतोय. दगड लई वेळा आले. हार पहिल्यांदाच." मग हार काढून लाइन्समनकडं दिला, वेळ वाया गेला म्हणून अप्पांना चांगलं झापलं आणि मॅच पुढं सुरू केली. वाया गेलेली मिनिटं शेवटी वाढवली. ती आमच्या सगळ्या पोरांनी आपल्या गोलसमोर उभं राहून काढली. एक-शून्य.

गर्दी पांगल्यावर वडील मैदानात आले. पहिल्यांदाच. राख भरलेल्या भेगा आणि स्टडनी पडलेली हजारो भोकं बघत सेंटरपर्यंत चालत गेले.

"एवढं मोठं मैदान," म्हणाले, "अन् सारवायला कोणी न्हाई."

पुढच्या साली आम्ही नांदेडला गेलो. उतरल्या उतरल्या त्यांच्या मॅनेजरनं माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि विचारलं, "जेवण तयार हाय. आधी सत्कार करू का?" तेव्हापासून मी संघाला एकच नियम घालून दिला आहे: शाल घ्यायची ती मॅच संपल्यावर.

त्या दुष्काळाच्या साली आठ संघांत आम्ही सातवे आलो. मोजणीवाले दुसरी जागा बघायला गेले. मैदान राहिलं.